मधल्या टापूचा बंदोबस्त

"नीचे कुछ नहीं है, बाबूजी," पाण्यातून डोकं वर काढत घासी म्हणाला. "कीचड़ है, काई है, और क्या!"

"नीट बघितलंस?"

"चार बार गया. चारों बार कीचड़."

महिपतरावांनी वहीत 'चिखल' असा शब्द लिहिला आणि लगेच खोडला. साहेबांना दाखवायच्या यादीत चिखल कसा लिहायचा? ते मोटरबोटीच्या काठाला धरून बसले होते. कपाळावर घाम होता, आणि तोही फाल्गुनातल्या गार सकाळी. घासी केवट वीस वर्षं त्यांच्या हाताखाली बोट चालवत होता. महिपतराव मराठीत बोलत, तो हिंदीत उत्तर देई, आणि दोघांचं कधी काही अडलं नव्हतं. आज मात्र अडलं होतं.

"आणि मगर?"

"मगर दो साल से दिखी नहीं."

"दिसली नाही म्हणजे नाही, असं आहे का?"

घासीनं कानातलं पाणी झटकलं. केवटांना काही प्रश्न मूर्खपणाचे वाटतात, पण ते तसं बोलून दाखवत नाहीत.

परवा रविवारी सकाळी सात वाजता सुखटणकर साहेब बायकोला घेऊन इथं येणार होते. ग्वाल्हेरपासून बारा मैलांवरचा हा दरबारी तलाव, त्यातले तीन टापू आणि दरबारची 'मयूरी' नावाची वेगवान मोटरबोट. एका टापूवरून दुसऱ्यावर जायचं, मधल्या टापूशी पाण्यात उतरायचं, तिसऱ्यावर जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. साहेबांकडे म्हणे काचेचा एक मुखवटा होता आणि एक वाकडी नळी होती. नळी तोंडात धरायची, पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचं बघत राहायचं. पाण्यावर पालथी पडलेली माणसं महिपतरावांनी नोकरीत दोन-तीनदा पाहिली होती, पण त्यांतलं कोणीही बघत नव्हतं.

सहल साधी होती. साधे नव्हते ते साहेब. भालचंद्र सुखटणकर मूळचे कारवारकडचे, आणि मध्यभारत सरकारचे विलीनीकरणाचे खास अधिकारी. दरबारच्या एकेका खात्यात शिरायचं, सामानाची यादी करायची, माणसांची यादी करायची आणि कोण राहील, कोण जाईल ते ठरवायचं, हे त्यांचं काम. शिकारखाना त्यांनी दिवाळीआधी बंद केला. तंबू-गालिच्यांच्या फरासखान्याला संक्रांतीच्या सुमारास सील लागलं. आता नौकाखान्याची पाळी होती. नौकाखान्यात माणसं आठ. सोमवारी साहेबांचा अहवाल जायचा होता, त्यात ज्याचं नाव असेल तो नव्या सरकारच्या पाटबंधारे खात्यात जाणार आणि ज्याचं नसेल तो घरी. महिपतराव जाधव नौकाखान्याचे कारकून. वय बावन्न, नोकरी एकोणतीस वर्षं.

साहेबांनी सगळ्यांना छापील फॉर्म दिले होते. त्यातला सातवा रकाना होता 'प्रत्यक्ष कामाचे स्वरूप'. महिपतरावांनी बाकीचे सगळे रकाने वळणदार अक्षरात भरले, सातवा कोराच राहिला. पाहुण्यांच्या बोटीत कुणी कुठं बसायचं ते ठरवणं, गालिचा ओला होऊ न देणं, वारा कुठून आहे ते बघून पाहुण्याची टोपी उडणार नाही अशा बाजूनं बोट नेणं, ह्याला काम म्हणायचं की नाही हेच त्यांना कळेना. रकाना कोरा ठेवून त्यांनी फॉर्म दिला आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

अशात साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. "जाधव, ही आमची घरगुती सहल आहे. दोन वर्षं झाली, बायकोनं पाणी म्हणून पाहिलेलं नाही. समुद्रावर वाढलेली बाई ती. बंदोबस्त वगैरे काही नको. पेट्रोल माझं. फक्त बोट, आणि चालवायला एक माणूस."

बंदोबस्त नको म्हणणारे पाहुणे महिपतरावांनी एकोणतीस वर्षं पाहिले होते. ज्यानं 'नको' म्हटलं त्याचा बंदोबस्त सगळ्यांत चोख ठेवावा लागे. नौकाखान्याचं ते पहिलं शिक्षणच होतं. मासे धरायला पाहुणे आले की आदल्या दिवशी काठाच्या एका कोपऱ्यात जाळं लावून मासे सोडलेले असत. बगळे बघायला आले की टापूवर आधी आठवडाभर मासळीचे तुकडे पसरलेले असत. पाहुणा रिकाम्या हातानं परतला तर दोष पाहुण्याचा नसतो, तलावाचा नसतो, कारकुनाचा असतो. आता हा पाहुणा पाण्याखाली बघणार होता, आणि पाण्याखाली चिखल होता.

"पायऱ्या आहेत ना?" महिपतरावांनी विचारलं. मधला टापू म्हणजे पूर्वी एका वस्तीची टेकडी. बंधारा झाला, वस्ती पाण्याखाली गेली. देवळीकडे चढणाऱ्या पायऱ्या तेवढ्या पाण्यात उतरत गेलेल्या दिसत.

"सीढ़ी है. पाँचवीं तक साफ दिखती है."

महिपतरावांनी खिशातून दुसरी वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेले. बंधाऱ्यावरच्या पट्टीवर रोज सकाळी पाणी किती आहे ते ते या वहीत लिहीत. आकडा बघून ते म्हणाले, "पाचव्या पायरीवर रविवारी एक पुरुष आणि वर हातभर पाणी असेल."

"तो?"

"तर तिथं काहीतरी पाहिजे," महिपतराव म्हणाले.

*

महिपतरावांचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत. संध्याकाळी ते आले ते चहासुद्धा न घेता माडीवर चढले आणि घंगाळ ओढत जिन्याशी आणू लागले. खाली शांताताई गव्हातले खडे निवडत बसल्या होत्या.

"अहो, हे काय चालवलंय? घंगाळ कशाला काढता?"

"दोन दिवसांसाठी पाहिजे."

"कुणाला?"

महिपतरावांनी सांगितलं. शांताताईंनी ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं आणि तापलेल्या माणसाच्या कपाळाला आपण हात लावतो तशा नजरेनं नवऱ्याकडं पाहिलं.

"पाण्यात बुडवणार? चांगलं भांडं?"

"बुडवणार नाही, ठेवणार. पायरीवर. वरून ऊन पडलं की तांबं असं झळकतं ना, बाईसाहेब बघतील, खूश होतील, परत फिरतील. संध्याकाळी घासी काढून आणेल."

"मी तर म्हणते, त्यांना पाणी बघायचंय तर पाणी बघू देत. त्यात तुम्ही काय दाखवणार?"

"तुला नाही कळायचं. आमच्या खात्याचा रिवाज आहे."

"खातं राहिलंय कुठं! शेजारचे जगदेवदादा कधीपासून म्हणताहेत, बिरलानगरात गिरणीत हजेरी घ्यायची जागा आहे, सांगून बघतो म्हणून. तुम्ही सुनतच नाही."

"गिरणीत मी काय करू?"

"इथं काय करता?"

त्यांनी सहज विचारलं, पण महिपतरावांना तो सातवा रकाना दिसला. ते जिन्याच्या पायरीवर बसले. शांताताईंना वाईट वाटलं. त्या उठल्या आणि पदरानं घंगाळाची कड पुसू लागल्या. आतून कल्हई, बाहेरून तांबं, दोन माणसांनी उचलावं असं जुनं भांडं. काठाखाली दरबारचा शिक्का होता, फणा काढलेला नाग. महिपतरावांचे वडील संभाजीराव शिकारखान्यात होते, त्यांना ते दरबारातून इनाम मिळालं होतं. कशाबद्दल मिळालं ते घरात कोणी बोलत नसे. दिवाळीची पहिली आंघोळ त्यातल्या पाण्यानं व्हायची. त्यांची एकुलती एक मुलगी उषा त्यातच पाय आपटत मोठी झाली.

"चैत्रात उषा येतेय बाळंतपणाला," शांताताई म्हणाल्या. "मालूम आहे ना? बाळाची पहिली आंघोळ यातच व्हायला पाहिजे. त्याच्या आधी परत पाहिजे मला."

"चैत्र कुठला, रविवारी रात्री तुझ्या न्हाणीघरात असेल."

"नक्की?"

"बिल्कुल नक्की."

शनिवारी घंगाळ टांग्यातून तलावावर गेलं. घासीनं ते दोरानं पाचव्या पायरीवर उतरवलं. महिपतरावांनी त्याला तीनदा बजावलं होतं, शिक्का चिखलाच्या बाजूला, वर नको. सील लागलेल्या भांडारातून एक चमचाही ते काढू शकत नव्हते. आणि या दिवसांत नागाचा शिक्का दिसला की साहेब कसे थांबतात ते त्यांनी पाहिलं होतं. दरबारची भांडी लोकांनी विहिरीत, बावडीत टाकून लपवली आहेत अशा निनावी चिठ्ठ्या साहेबांच्या टेबलावर रोज येत होत्या.

*

रविवारी सगळं वेळेवर झालं, आणि महिपतरावांना तेच अशुभ वाटलं. 'मयूरी' गेल्या दोन वर्षांत दहा वेळाही चालली नव्हती, ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. साहेब सातला पाच मिनिटं कमी असताना आले. सुनंदाबाई उंच, पस्तिशीच्या आसपासच्या. नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला, आणि काखेत ती मुखवट्याची पिशवी अशी धरलेली की कोणी हिसकावून घेईल.

पहिल्या टापूवर बगळे होते. सुनंदाबाईंनी चहा घेता घेता ते पाहिले आणि "छान आहेत हां" म्हटलं. महिपतराव अर्धा तास घड्याळाकडे बघत होते. पाचव्या पायरीवर ऊन साडेनवानंतर पोचतं, लवकर पोचलो तर पंचाईत.

वाटेत बोटीत साहेबांनी पायऱ्यांशी पाणी किती खोल आहे ते विचारलं, आणि महिपतरावांनी पाचव्या पायरीवर एक पुरुष आणि हातभर असं वही न उघडता सांगितलं. मधल्या टापूवर बोट लागली तेव्हा बाईंना समोर कनात दिसली. फरासखान्यातल्या कनाती मिळणं शक्य नव्हतं, म्हणून महिपतरावांनी जुन्या शिडाचं कापड चार बांबूंना बांधून पायऱ्यांच्या तिन्ही बाजूंनी लावलं होतं.

"ही भिंत कसली?"

"बाईसाहेबांसाठी. दरबारात असा रिवाज होता, की जनाना पाण्यावर आला तर..."

सुनंदाबाई हसायला लागल्या. "अहो, कारवारला आम्ही कोळणींच्या बरोबरीनं पोहायचो हो! असू दे, ओलं लुगडं बदलायला होईल."

"आणि ते दोघे काठावर डबे घेऊन का उभे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"ते... आवाज करायला, हुजूर."

"कशासाठी?"

मगर हा शब्द महिपतरावांच्या जिभेवर आला आणि तिथंच राहिला. "पक्षी उडवायला," ते म्हणाले. साहेबांनी भिवया उंचावल्या. "जाधव, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, बंदोबस्त नको म्हणून?"

"हो हुजूर. म्हणूनच थोडाच ठेवला."

बाई पाण्यात उतरल्या. थंडीनं एकदा किंचाळल्या, मग मुखवटा चढवला, नळी तोंडात धरली आणि पालथ्या झाल्या. हिरव्या लुगड्याची पाठ पाण्यावर आणि नळीचं टोक वर, एवढंच दिसत होतं. महिपतराव पायरीवर उभे राहून ते टोक मोजत होते, म्हणजे किती वेळ हलत नाही ते. नळीतून श्वासाचा आवाज येत होता, घोरण्यासारखा. तो जरा थांबला की त्यांचाही थांबत होता. घासी पलीकडं कमरेएवढ्या पाण्यात बांबू आपटत उभा होता.

पंधरा मिनिटं झाली. नळी पाचव्या पायरीकडे सरकली. तिथं थांबली. मग एकदम पाय वर आले, बाई खाली गेल्या आणि क्षणात वर येऊन मुखवटा कपाळावर सारत ओरडल्या, "अहो! इथं खाली काहीतरी आहे! तांब्याचं! केवढं मोठं आहे!"

महिपतरावांचा जीव भांड्यात पडला. झालं. पाहुण्यानं पाहिलं. एकोणतीस वर्षांची विद्या वाया गेली नाही.

"घासी," साहेब म्हणाले, "दोर टाक. वर काढ ते."

हे महिपतरावांच्या डोक्यात आलंच नव्हतं. तीन दिवस त्यांनी ऊन, वारा, कनात, मगर सगळ्याचा विचार केला होता. पण पाहुणा बघून झाल्यावर वस्तू मागेल, हा विचार शिकारखान्याच्या पोराला सुचू नये म्हणजे कमाल झाली. घासीनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नको म्हणूनही नाही. घासी खाली गेला. घंगाळ वर आलं, पाणी गळत, एका कुशीवर शेवाळ घेऊन. साहेबांनी ते उन्हात फिरवलं आणि काठाखाली बोट टेकवून थांबले.

"नाग," साहेब म्हणाले.

सुनंदाबाई लुगडं पिळत हसत होत्या. "किती वर्षांपूर्वीचं असेल हो? त्या वस्तीतल्या कुणाचं असेल का?"

"वस्तीतलं नाही." साहेबांचा आवाज कचेरीतला झाला होता. "आत कल्हई नवी आहे. फार तर या दिवाळीची." त्यांनी बोटीतून आपलं पॅड मागवलं. "घासी, इधर आओ. इतनी बड़ी चीज़ निकली, और तू चौंका तक नहीं. तुला आधीपासून ठाऊक होतं हे इथं आहे. किसने रखा?"

घासी खाली बघत उभा राहिला. ओल्या धोतरातून पाणी पायरीवर ठिबकत होतं. साहेबांनी पॅडवर लिहिलं: 'घासी केवट'. लिहून खाली रेघ मारली.

महिपतरावांनी ती रेघ पाहिली. आता जीभ हलवायची नाही, एवढंच करायचं होतं. घासी बोलणार नव्हता. वीस वर्षांत तो कधी त्यांच्याविरुद्ध बोलला नव्हता. सोमवारी एक नाव कमी झालं असतं आणि त्या जागी कदाचित दुसरं आलं असतं. हा विचार त्यांच्या मनात आला, येऊन गेला, आणि त्याची त्यांना पुढं जन्मभर लाज वाटली.

"मी ठेवलं, हुजूर," ते म्हणाले. "त्याला मी सांगितलं. भांडं माझं आहे, माझ्या घरचं."

"तुमचं? यावर दरबारचा शिक्का आहे."

"वडिलांना इनाम मिळालं होतं."

"कागद?"

"कागद नाही."

"दरबारात सुपारी दिली तरी कागद होतो, जाधव. मी सहा महिने तेच वाचतोय."

"याचा कागद होऊ शकत नव्हता," महिपतराव म्हणाले. मग त्यांना उभं राहवेना, ते खालच्या पायरीवर बसले. साहेबांसमोर न विचारता बसण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. "माझे वडील शिकारखान्यात दुसरी बंदूक होते."

"म्हणजे?"

"मचाणावर पाहुणा बसायचा. मागं, झाडीत, वडील बसायचे. पाहुण्यानं चाप ओढला की त्याच क्षणी वडील पण ओढायचे. आवाज एकच यायचा. पाहुण्याचा नेम चुकला तरी वाघ पडायचा. पाहुणा वाघावर पाय ठेवून फोटो काढायचा. वडिलांनी असे अकरा वाघ मारले, आणि एकाही कागदात त्यांच्या नावावर एक वाघ नाही. ते गप्प राहिले म्हणून हे मिळालं. त्याचा कागद कसा करणार हो? मी पण हे आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. घरी पण नाही."

काठावरचा एक जण कंटाळून डबा वाजवू लागला, घासीनं हातानं त्याला थांबवलं.

"आणि हे पाण्यात का ठेवलंत?" साहेबांनी विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"खाली चिखल होता, हुजूर."

"मग?"

"मग बाईसाहेबांनी काय बघायचं?"

सुनंदाबाई इतका वेळ पंचा गुंडाळून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि महिपतरावांना ते साहेबांच्या पॅडपेक्षा जड गेलं.

"म्हणजे आज दुसरी बंदूक तुम्ही होता," त्या म्हणाल्या.

"चूक झाली, बाईसाहेब."

"अहो, मला भांडं नको होतं हो. मी दहा मिनिटं त्या शेवाळातच होते. केवढं लांब वाढलंय, आणि ऊन आत येतं ना, सगळं एकदम एका बाजूला झुकतं. त्यात नखाएवढे मासे. मी त्यांच्याच मागनं त्या पायरीवर गेले. भांडं बघून ओरडले, ते आपलं ओरडले. पण मी पाण्यासाठी आले होते. मला पाणीच हवं होतं." त्यांनी मुखवटा कपाळावरून खाली ओढला. "आता परत जाते. आता काही ठेवलेलं नाही ना?"

"नाही, बाईसाहेब."

"नक्की?"

"बिल्कुल नक्की," महिपतराव म्हणाले, आणि त्यांना शांताताई आठवल्या.

*

बाई तासभर पाण्यात होत्या. तिसऱ्या टापूवर जायचं राहिलंच. जेवणाचा डबा तिथंच पायरीवर सोडला, घासीला सुनंदाबाईंनी आपल्या हातानं वाढलं.

साहेबांनी पॅडचं ते पान फाडलं आणि चुरगळून खिशात टाकलं. मग म्हणाले, "जाधव, मला तुमची गोष्ट खरी वाटते. पण शिक्का आहे आणि कागद नाही. गेल्या महिन्यात किला गेटच्या एका म्हाताऱ्याच्या दोन परातींवर मी जप्ती आणली. तोही म्हणत होता, इनाम आहे. तुमचं सोडलं, तर त्याला काय सांगू?"

"नका सोडू," महिपतराव म्हणाले.

"पाचव्या पायरीवर किती पाणी आहे ते तुम्ही मघाशी बोटीत न बघता सांगितलंत. कसं?"

महिपतरावांनी वही पुढं केली. साहेब पानं उलटत गेले. मग उलटायचे थांबले आणि पहिल्या पानाकडं परतले. "हे रोजचं आहे? कधीपासून?"

"नोकरीला लागलो तेव्हापासून. ही नववी वही, हुजूर. बाकीच्या आठ कचेरीत आहेत. आजारी होतो तेव्हा घासीनं काठीवर खूण करून आणली, मी अंथरुणात लिहिलं."

"कुणी सांगितलं होतं लिहायला?"

"कुणी नाही. बोट पायऱ्यांवर टेकायला नको म्हणून. एवढं तर कोणीही करेल."

"पाटबंधाऱ्याचे इंजिनियर या तलावाची जुनी पातळी मला महिनाभर मागताहेत," साहेब म्हणाले. "मी त्यांना लिहून दिलं की अशी कुठलीही नोंद अस्तित्वात नाही." त्यांनी पिशवीतून फॉर्म काढले, महिपतरावांचा शोधला आणि गुडघ्यावर ठेवून सातव्या रकान्यात लिहिलं. "उद्याच्या अहवालात तुमचं नाव जाईल, आणि काठीवर खुणा करणाऱ्या घासीचंही," ते म्हणाले. महिपतरावांनी वाकून पाहिलं नाही. त्यांच्या मनात आलं, म्हणजे काम होतं तर. आनंद व्हायला हवा होता. पण जे त्यांनी जीव ओतून केलं ते कुणालाच नको होतं, आणि जे सहज करून टाकलं त्याला काम म्हणत होते. एकोणतीस वर्षांचं हे असं उलटं का व्हावं, ते त्यांना समजेना. डोळे भरून आले म्हणून ते तलावाकडं बघत राहिले.

"जाधव," पाण्यातून सुनंदाबाईंनी हाक मारली. "तुम्ही कधी बघितलंय का खाली?"

"मी? नाही, बाईसाहेब. मला पोहता येत नाही."

"नौकाखान्यात असून?"

"बोटीत पोहावं लागत नाही."

त्यांनी मुखवटा काढून दिला. महिपतरावांनी टोपी घासीकडं दिली, पहिल्या पायरीवर गुडघे टेकले, काच डोळ्यांवर धरली आणि तोंड पाण्यात घातलं. घासीनं मागून त्यांच्या कोटाचं टोक घट्ट पकडून ठेवलं होतं. चिखल होता. शेवाळ होतं. एक, दोन, तीन, चार, पाच पायऱ्या होत्या आणि पाचव्या पायरीवर, जिथं घंगाळ होतं तिथं, चिखलात एक गोल उठला होता. लहान मासे त्या गोलात येऊन बघून जात होते. श्वास संपेपर्यंत त्यांनी ते पाहिलं.

परतल्यावर नौकाखान्याच्या टेबलावर साहेबांनी सामानाची यादी उघडली. लिहायला दुसरं कोणी नव्हतं. महिपतरावांनी टाक घेतला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'तांब्याचे घंगाळ, नग एक. काठाखाली नागाचा शिक्का. मिळाले ते ठिकाण, मधला टापू, पाचवी पायरी.' 'कोणाकडून' या रकान्यात त्यांनी क्षणभर टाक अडवला. मग लिहिलं, 'कै. संभाजीराव जाधव, शिकारखाना'. पगारपत्रक सोडलं तर वडिलांचं नाव दरबारच्या कुठल्याही कागदात येण्याची ती पहिलीच खेप. साहेबांनी वाचलं, खाली सही केली, आणि घंगाळावर लाखेचं सील लागलं.

लष्करात शिरले तेव्हा पाटणकर बाजारात दिवे लागत होते. शांताताई दारातच होत्या.

"काय झालं? नाव आहे?"

"आहे. घासीचं पण आहे."

"देवा!" त्यांनी हात जोडले, डोळ्यांना पदर लावला. मग त्या महिपतरावांच्या खांद्यावरून गल्लीच्या तोंडाकडं बघू लागल्या.

"टांगा मागनं येतोय का?"

महिपतराव चपला काढत होते. त्यांनी एक काढली, दुसरी काढायला बराच वेळ लावला.

"मी पाणी तापवून ठेवलंय," शांताताई म्हणाल्या. "म्हटलं घंगाळ आलं की आधी तुम्हीच न्हाऊन घ्या." आणि त्या पायरी उतरून गल्लीत आल्या, नीट दिसावं म्हणून.